सीमेवरची आमची दिंडी

चौथी शिकलेल्या माणसाला इतिहास लिहायला सांगितलाय. तर जेवढं पाहिलं आणि वडिलांकडून ऐकलं, तेवढंच लिहितो.

दिंडी सुरू झाली तेव्हा कृष्णेच्या या अंगाला संस्थानं होती, पलीकडं चिकोडीकडं मुंबई इलाखा. पण टाळकऱ्याला भाषा कुणी विचारत नव्हतं. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि आमची निम्मी दिंडी परराज्यातली झाली. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ ला आला, तो महाराष्ट्राला पटला नाही. २००४ पासून दावा सुप्रीम कोर्टात आहे. निकाल लागेल तेव्हा लागेल. माउलींच्या पालखीचे अश्व मात्र दरवर्षी चिकोडी तालुक्यातल्या अंकलीहून, शितोळे सरकारांच्या वाड्यातून निघतात आणि चालत आळंदीला येतात. हैबतबाबांच्या काळापासूनचा हा रिवाज. त्यांना सीमा कोण सांगणार?

माणसाचं तसं नसतं. १९८६ च्या जूनमध्ये बेळगाव भागात कानडी सक्तीविरुद्ध आंदोलन झालं, गोळीबारात माणसं गेली. इकडं संताप होता, आणि तो काही खोटा नव्हता. वारी तोंडावर आलेली. बैठकीत काही तरुण म्हणाले, यंदा कानडी टाळकरी नकोत. लपवायचं कशाला, त्या तरुणांत आम्ही होतो. विणा तेव्हा पलीकडच्या गावच्या एका म्हाताऱ्या बाबांकडं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, उठले, विणा आमच्या गळ्यात घातली, पाया पडले आणि गेले.

ती रात्र आम्ही विणा गळ्यात घेऊन देवळात बसून काढली. वडील एक शब्द बोलले नाहीत. पहाटे म्हणाले, "चल." नावेतून पलीकडं गेलो. बाबांनी विणा परत घेतली, वारीलाही आले. पण त्यांच्या गावचे चौघे त्या वर्षी आले नाहीत, त्यातले दोघं पुन्हा कधीच नाहीत. शताब्दीच्या पुस्तकात हेही असावं म्हणून लिहितोय.

तेव्हापासून ठरलं की वाटेत एक मुक्काम कानडी पदांचा. सीमेवर बोलायला बंदी नाही, पण पंगत उठल्यावर. मत ना आमचं बदललं, ना त्यांचं. भांडतो, आणि सकाळी एकाच रांगेत चालतो.

२०१९ च्या महापुरात इकडं म्हणत होते अलमट्टीनं पाणी तुंबवलं, तिकडं म्हणत होते कोयनेतून सोडलं. बुडाले दोन्ही काठ. पाणी उतरल्यावर पहिली भाकरी-चटणीची पाटी आमच्या दारात आली ती पलीकडच्या टाळकऱ्याच्या घरातून. पुढं डिसेंबर २०२२ मध्ये गाड्यांवर दगड पडले, दोन्हीकडच्या बस काही दिवस थांबल्या. तेव्हा त्याच घरातून फोन आला, "बाबा, कुणी अडकलंय का इकडं? सांगा, घरी ठेवून घेतो." आमची भाची अडकली होती. तीन दिवस राहिली, येताना चार कानडी शब्द शिकून आली.

यंदा विणा पलीकडंच आहे. प्रस्थानाच्या आदल्या दिवशी आम्ही आणायला जाणार आहोत. आता पूल झालाय, नाव लागत नाही.