स्नो मोड (मोटारगाडी)

स्नो मोड किंवा हिम मोड म्हणजे मोटारगाडीतील इंजिन, गिअरपेटी व ब्रेक यांच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची एक पूर्वनिश्चित मांडणी होय. बर्फाने झाकलेल्या किंवा अन्य निसरड्या रस्त्यावर चाके जागच्या जागी फिरू नयेत, हा तिचा उद्देश असतो. भारतात ही सोय मुख्यतः कॉम्पॅक्ट व मध्यम आकाराच्या एसयूव्हींमध्ये आढळते. पुणे शहरात हिमवर्षाव होत नाही. तेथील नोंदलेले नीचांकी तापमान १९३५ सालचे १.७° सेल्सिअस आहे. तरीही असा मोड असलेल्या काही गाड्या पुणे जिल्ह्यातच तयार होतात, आणि शहरातील पर्यटक हिवाळ्यात स्वतःच्या गाडीने मनाली, काश्मीर व स्पितीपर्यंत जातात. त्यामुळे या मोडचे कार्य व विशेषतः त्याच्या मर्यादा यांना व्यावहारिक महत्त्व आहे.

कार्यपद्धती

टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणांक कोरड्या डांबरी रस्त्यावर सुमारे ०.८, दाबल्या गेलेल्या बर्फावर सुमारे ०.२ आणि काचेसारख्या गोठलेल्या थरावर ०.१ च्या आसपास असतो. चाकाला मिळणारी ओढ या मर्यादेपलीकडे गेली की चाक घसरून जागीच फिरू लागते. खालचा बर्फ वितळून गुळगुळीत होतो आणि पकड आणखी कमी होते. स्नो मोडमध्ये ॲक्सिलरेटरचा प्रतिसाद जाणीवपूर्वक मंद केला जातो. पेडल जोरात दाबले तरी इंजिनची ताकद हळूहळू वाढते. स्वयंचलित गिअरपेटी शक्यतो दुसऱ्या गिअरमध्ये गाडी सुरू करते व वरचा गिअर लवकर टाकते. चाक घसरू लागताच कर्षण नियंत्रण यंत्रणा त्याला ब्रेक लावते, त्यामुळे ताकद पलीकडच्या चाकाकडे वळते. हाताने गिअर बदलण्याच्या गाडीत अनुभवी चालक दुसऱ्या गिअरमध्ये क्लच हळुवार सोडून जे साधतो, तेच काम येथे संगणक करतो.

इको, सिटी व स्पोर्ट हे मोड यांहून वेगळे आहेत. टाटा नेक्सॉनमधील या तीन मोडचा संबंध प्रामुख्याने इंजिनच्या प्रतिसादाशी असून ते रस्त्याच्या पृष्ठभागासाठी आखलेले नाहीत. इकोमधील मंद प्रतिसाद बर्फावर थोडाफार उपयोगी पडतो; स्पोर्ट मोड मात्र तेथे अपायकारकच ठरतो.

पुढील चाकांची व चारही चाकांची ओढ

किआ सेल्टोस (२०१९) व दुसऱ्या पिढीची ह्युंदाई क्रेटा (२०२०) यांच्या काही आवृत्त्यांत बर्फ, चिखल व वाळू असे तीन मोड देण्यात आले. परंतु या गाड्यांत ताकद केवळ पुढील दोन चाकांना मिळते. मोड निवडल्याने उपलब्ध पकड वाया जात नाही इतकेच. नवी पकड निर्माण होत नाही. हा फरक चढावर स्पष्ट दिसतो. गाडीचे ६० टक्के वजन पुढील चाकांवर आहे असे मानल्यास ०.२ घर्षणांकाच्या बर्फावर ती फार तर १०० मीटरला १२ मीटर इतका चढ चढू शकते. चढावर वजन मागे सरकत असल्याने प्रत्यक्षातील मर्यादा याहूनही कमी असते. चारही चाकांना ताकद मिळणारी गाडी त्याच बर्फावर जवळपास २० मीटरचा चढ चढते. जोरदार हिमवृष्टीनंतर मनालीच्या पुढे अनेकदा फक्त फोर बाय फोर वाहनेच सोडली जातात, त्यामागील कारण हेच आहे. मारुती सुझुकी ग्रँड व्हिटाराच्या ऑलग्रिप आवृत्तीत (२०२२) ऑटो, स्पोर्ट, स्नो व लॉक असे पर्याय असून लॉकमध्ये पुढील-मागील चाकांना सतत एकत्र ताकद पुरवली जाते.

पुणे परिसरातील गाड्या

पृष्ठभागानुसार मोड निवडण्याची कल्पना लँड रोव्हरने २००४ मध्ये डिस्कव्हरी ३ या गाडीतून रूढ केली. लँड रोव्हर २००८ मध्ये टाटा मोटर्सच्या मालकीची झाली. पिंपरी येथे तयार होणारी टाटा हॅरियर (२०१९) लँड रोव्हरच्या डी८ रचनेवरून विकसित केलेल्या सांगाड्यावर आधारित आहे. तिच्या डिझेल आवृत्तीत नॉर्मल, वेट व रफ असे मोड आहेत. ती पुढील चाकांनी चालते व तिच्यात स्वतंत्र स्नो मोड नाही. २०२५ मध्ये आलेल्या विजेवरील हॅरियरच्या दोन मोटरींच्या आवृत्तीत मात्र बर्फ व गवत यांसाठी मोड आहे. चाकण येथे तयार होणाऱ्या महिंद्रा स्कॉर्पिओ-एनच्या फोर बाय फोर आवृत्तीतही तो आढळतो.

या विषयातील सर्वांत ठळक उदाहरण जीप कंपासचे आहे. शिरूर तालुक्यातील रांजणगाव येथे २०१७ पासून तिचे उत्पादन होते. तिच्या फोर बाय फोर आवृत्तीत ऑटो, स्नो, सँड व मड हे मोड असून गरज नसताना मागील ॲक्सल वेगळा होतो. उजव्या बाजूस स्टिअरिंग असलेली ही गाडी येथून जपान, ऑस्ट्रेलिया आदी देशांत निर्यात झाली. त्यामुळे ज्या गावात बर्फ केवळ शीतपेयात दिसतो, तेथील गाड्या दीर्घ हिमाळी हिवाळ्याच्या देशात पोहोचल्या.

मर्यादा

स्नो मोडमुळे गाडी लवकर थांबते, हा सर्वाधिक आढळणारा व सर्वांत धोकादायक गैरसमज होय. फोर बाय फोर यंत्रणेचाही थांबण्याशी संबंध नाही, कारण ब्रेक सर्वच गाड्यांत चारही चाकांना असतात. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ब्रेक लागल्यापासून कोरड्या रस्त्यावर सुमारे ८ मीटरमध्ये, दाबलेल्या बर्फावर ३१ मीटरमध्ये आणि गोठलेल्या थरावर ६३ मीटरमध्ये थांबते. चढावर उत्तम चालणारी गाडी चालकाला खोटा विश्वास देते व तोच उतारावर घातक ठरतो. भारतात एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना सक्तीची झालेली एबीएस यंत्रणा बर्फावर गाडीची दिशा ताब्यात ठेवते. भुसभुशीत बर्फात मात्र तिच्यामुळे थांबण्याचे अंतर वाढू शकते.

पकड शेवटी टायरवर अवलंबून असते. साध्या टायरचे रबर सुमारे ७° सेल्सिअसखाली कडक होऊ लागते. हिवाळी टायरचे रबर थंडीत मऊ राहते व त्यांवर तीन शिखरे आणि हिमकण यांचे चिन्ह असते. भारतात ते क्वचितच मिळत असल्याने पर्यटकांचा आधार साखळ्यांवर असतो. पुढील चाकांच्या ओढीच्या गाडीत साखळ्या पुढच्याच चाकांना लावाव्या लागतात. खोल बर्फात रुतलेली गाडी मागेपुढे झुलवून काढताना कर्षण नियंत्रण तात्पुरते बंद करणे उपयुक्त ठरते, कारण ते इंजिनची ताकदच तोडून टाकते.

गाडी अडकून पडल्यास मोडचा काहीही उपयोग नसतो. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातील मरी येथे हिमवृष्टीत अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून अधिक जणांचा मृत्यू झाला. धुराचे नळकांडे बर्फाने बुजलेले असताना इंजिन चालू ठेवल्यास कार्बन मोनॉक्साइड आत साचतो. म्हणून प्रथम ते मोकळे करावे लागते. डिझेल गाड्यांना आणखी एक अडचण येते. मैदानी प्रदेशात भरलेल्या डिझेलमधील मेण कडाक्याच्या थंडीत गोठून फिल्टर तुंबतो. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३° सेल्सिअसपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल उपलब्ध करून दिले.