दोरी, कप्पी आणि मुलांचे पाय

विहिरीवरची कप्पी आम्हा गिरीजकरांना नवीन नाही. पण तीच कप्पी दोऱ्या-झोळ्यांसकट फिजिओथेरपीच्या खोलीतही टांगलेली असते, आणि ती तिथे कशी पोचली ही गोष्ट भन्नाट आहे.

सुरुवात पोलिओपासून. मुंबईच्या फातेमा इस्माईल यांच्या मुलीला पोलिओ झाला. तिच्या उपचारांसाठी वणवण केलेल्या या बाईंनी १९४७ मध्ये अशा मुलांसाठी चक्क क्लिनिकच काढलं. हाजी अलीच्या एसआरसीसी हॉस्पिटलमागची संस्था ती हीच. पुढे काही वर्षांतच केईएममध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं.

आपल्याकडे ही विद्या शिकवली जायची ती बरीचशी ब्रिटिश पुस्तकांतून, आणि तिथे ऑलिव्ह गथ्री-स्मिथ या बाईंची लोखंडी चौकट गाजलेली. हीच सस्पेन्शन थेरपी. पोलिओने दुबळ्या झालेल्या स्नायूला स्वतःच्या पायाचंही ओझं पेलत नाही. मग पाय झोळीत टांगायचा आणि दोरीचा हुक सांध्याच्या बरोब्बर वर लावायचा. पाय जमिनीला समांतर झुलतो, वजन दोरी घेते आणि स्नायूत उरलीसुरली ताकद असेल ती दिसते. हुक जरा बाजूला सरकवला की एका दिशेला गुरुत्वाकर्षण मदत करतं, उलट दिशेला विरोध. आपल्या भाषेत, एकच पॅरामीटर बदलायचा!

भारतातला शेवटचा वाइल्ड पोलिओचा रुग्ण २०११ मधला. पोलिओ गेला, दोऱ्या राहिल्या. आता त्यांच्यापुढे असतात सेरेब्रल पाल्सीची मुलं, आणि इथेच गोची आहे. पोलिओत स्नायू लुळा पडतो. इथे इजा मेंदूला असते, स्नायू बहुतेकदा ताठ असतात आणि त्यांना मिळणारा हुकूमच गडबडलेला असतो. म्हणून आला 'स्पायडर केज': कमरेच्या पट्ट्याला चहूबाजूंनी इलॅस्टिक दोऱ्या. मूल न पडता उभं राहतं, तोल सावरून बघतं. जोडीला रशियन अंतराळवीरांच्या पोशाखावरून निघालेला सूट. जाहिराती झकास असतात, पण संशोधनात सूटचा फायदा छोटासाच दिसलाय. जास्त भक्कम पुरावा आहे तो मुलाने स्वतः धडपडून केलेल्या खऱ्या कामाच्या सरावाला. जिना चढणं, चमचा धरणं वगैरे.

तेव्हा पैसे भरण्याआधी थेरपिस्टला सरळ विचारावं, की पिंजऱ्याबाहेर माझं मूल काय करू शकेल, आणि ते घरी कसं करून घ्यायचं? कारण गिरीजहून आधी वसई रोड गाठायचं, मग कडेवर मूल घेऊन लोकलमध्ये शिरायचं. आठवड्यातून किती वेळा जमणार?