स्पाइक मिलिगन

टेरेन्स ॲलन ऊर्फ स्पाइक मिलिगन (जन्म : अहमदनगर, १६ एप्रिल १९१८, मृत्यू : राय, इंग्लंड, २७ फेब्रुवारी २००२) हे विनोदी नट, लेखक व नभोवाणी कलावंत होते. बी.बी.सी.च्या ‘द गून शो’ या श्राव्य कार्यक्रमाचे ते प्रमुख लेखक होत.

जीवन

मिलिगन यांचे वडील लिओ हे मूळचे आयरिश. ते भारतातील ब्रिटिश सैन्यात होते आणि सैनिकांसाठी होणाऱ्या रंजनाच्या प्रयोगांतही कामे करीत. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) हे मोठे लष्करी ठाणे होते. तेथे स्पाइक यांचा जन्म झाला. त्यांचे बालपण पुणे व रंगून येथे गेले. १९३०च्या दशकाच्या प्रारंभी हे कुटुंब इंग्लंडला गेले. तेथे ते जाझ वाद्यवृंदांत ट्रम्पेट वाजवू लागले. दुसऱ्या महायुद्धात तोफखान्यात असताना १९४४ साली इटलीच्या आघाडीवर ते जखमी झाले व त्यांना तीव्र मानसिक आघात झाला. त्यानंतर ते सैनिकांच्या करमणूक पथकात दाखल झाले.

नभोवाणी

‘द गून शो’चा पहिला भाग २८ मे १९५१ रोजी, तर अखेरचा २८ जानेवारी १९६० रोजी प्रसारित झाला. पीटर सेलर्स व हॅरी सिकोम्ब हे त्यांचे प्रमुख सहकलाकार होते. दोनशेहून अधिक भागांच्या या मालिकेत तर्कविसंगत कथानके आणि चमत्कारिक ध्वनी यांतून विनोद साधलेला असे. मिलिगन स्वतः एकल्स, मिनी बॅनिस्टर इत्यादी पात्रांना आवाज देत. भित्रा व लाचखाऊ मेजर ब्लडनॉक या सेलर्स यांनी रंगविलेल्या पात्रातून हिंदुस्थानातील गोऱ्या अधिकाऱ्यांची थट्टा केलेली आहे. मात्र लालकाका व बॅनर्जी या पात्रांद्वारे भारतीयांच्या इंग्रजी उच्चारांचेही विडंबन होत असे. दर आठवड्याला नवी संहिता लिहिण्याचा ताण मिलिगन यांना असह्य झाला. १९५२च्या अखेरीस त्यांचे मानसिक संतुलन ढळले व त्यांना रुग्णालयात ठेवावे लागले. हा विकार त्यांना आयुष्यभर जडला.

रंगभूमी

१९६४ मध्ये गोंचारॉव्ह यांच्या ‘ओब्लोमोव्ह’ या कादंबरीवरील नाटकात त्यांनी प्रमुख भूमिका केली. मूळचे हे गंभीर नाटक त्यांनी ऐनवेळी रचलेल्या संवादांमुळे प्रहसन बनले आणि पुढे ‘सन ऑफ ओब्लोमोव्ह’ या नावाने गाजले. जॉन अँट्रोबस यांच्यासह लिहिलेले ‘द बेड-सिटिंग रूम’ हे नाटक अणुयुद्धानंतरच्या लंडनचे विडंबन करते.

नागरिकत्व व अखेर

आयरिश पित्याच्या पोटी भारतात जन्मलेल्या व ब्रिटनसाठी लढलेल्या मिलिगन यांना ब्रिटिश पारपत्र नाकारण्यात आले. तेव्हा त्यांनी आयरिश नागरिकत्व स्वीकारले. त्यामुळे २००१ साली ब्रिटनने दिलेला ‘सर’ दर्जाचा किताबही केवळ मानद ठरला. विंचेल्सी येथील त्यांच्या समाधिशिलेवर, आपण आजारी असल्याचे आधीच सांगितले होते, अशा अर्थाचे वाक्य आयरिश भाषेत कोरलेले आहे.