कत्तलवजन, कोकराचे

कापण्यापूर्वी भरलेले जनावराचे जिवंत वजन. मटणाचा उतारा, कोवळेपणा, रंग, वास आणि चरबी यांवर त्याचा परिणाम होतो. तांबडा-पांढरा रस्सा रांधणाऱ्या कोल्हापुरात गिऱ्हाईक कोवळे मटण मागते, तर मेंढपाळाला भरलेले जनावर विकायचे असते. या दोहोंचा मेळ वजनावर ठरतो.

वाढीचा क्रम : शरीरात आधी हाड वाढते, मग मांस, शेवटी चरबी. केंब्रिजच्या जॉन हॅमंड यांनी 1932 च्या ग्रंथात मेंढीतील हा क्रम सविस्तर मांडला. आतड्या-मूत्रपिंडांभोवतीची चरबी लवकर साठते. स्नायूंच्या आतली सर्वांत उशिरा. वजनाबरोबर उतारा वाढतो, हाडाचे प्रमाण घटते. पण पुढे चारा मांसाऐवजी चरबीत जाऊ लागतो. मांसात सुमारे तीन-चतुर्थांश पाणी असते, चरबीत फारच थोडे. त्यामुळे किलोभर चरबीसाठी चाराही कितीतरी जास्त लागतो.

जात : चारा चरबीत जाऊ लागण्याचा टप्पा जातीगणिक बदलतो. धनगरांच्या कळपांतली दख्खनी मेंढी आकाराने लहान. 25 किलोला ती जवळजवळ प्रौढ होते. सांगली जिल्ह्यातील जत तालुक्याची उंच, बाकदार नाकाची माडग्याळ त्याच वजनाला अजून वाढतीच असते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनच्या गरोळ मेंढीतील जनुक दख्खनीत आणून ‘नारी सुवर्णा’ घडवली. त्यामुळे तिला जुळी अधिक होतात. जुळी जन्मतः हलकी असल्याने ठरलेल्या वजनाला उशिरा पोहोचतात.

चरबीचा चयापचय : कोटीपोटातील जिवाणू चाऱ्यातील बहुतेक असंतृप्त मेदाम्ले संतृप्त करून टाकतात, म्हणून मेंढीची चरबी घट्ट असते. तंतुमय चारा आंबून तयार होणाऱ्या अ‍ॅसिटेटपासून मेदपेशी नवी चरबी बनवतात. जनावर भरत जाते तसा साठवणीचा मेद वाढतो, बहुअसंतृप्त मेदाम्ले धरून ठेवणारा पेशीपटलातला मेद मात्र फारसा वाढत नाही. परिणामी त्या मेदाम्लांचा टक्का घसरतो आणि सहसा ओलेइक आम्लाचा वाढतो.

रांधण : वयाबरोबर स्नायूंतील कोलॅजनचे जोड पक्के होतात. कोकराचे मटण लवकर शिजते. जून मेंढ्याचे अळणी पाणी, म्हणजे रश्शासाठी मटण उकडलेले पाणी, तासन्‌तास उकळावे लागते. स्नायूंतील मायोग्लोबिन वाढल्याने रंग गडद होतो. मेंढीचा खास वास चरबीतील शाखायुक्त मेदाम्लांचा. वाढत्या वयात, विशेषतः नरांत, तो तीव्र होतो. मिरचीचा रंग तेला-चरबीत उतरत असल्याने तांबड्या रश्शाच्या तर्रीला थोडी चरबी उपकारकच ठरते.

वजन आणि वय : केवळ वजनावरून कोवळेपणा कळत नाही. रानोमाळ चरणारे कोकरू सावकाश वाढते. खुराकावरचे तेच वजन लवकर गाठते, पण चरबीही जास्त धरते. म्हणून वजनासोबत दातही पाहतात. दुधाचे पुढचे दोन दात पडून कायमचे येतात ते साधारण वर्ष-सव्वा वर्षाच्या सुमारास.