बिड्यांचे बिल आणि गेलेली खासदारकी

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत भंडारा मतदारसंघात उमेदवारी अर्ज भरण्याची शेवटची तारीख १५ नोव्हेंबर १९५१ होती आणि निकाल जाहीर झाला १४ फेब्रुवारी १९५२ रोजी. या तीन महिन्यांत गोंदियाच्या मूलजी सिक्का आणि कंपनी या बिडी उत्पादक पेढीचे सरकारशी कंत्राट चालू होते की नाही, एवढ्या प्रश्नावर पेढीचे एक भागीदार चतुर्भुज विठ्ठलदास जसानी यांची खासदारकी टांगणीला लागली. सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९५४ रोजी दिलेल्या निकालात ही हकीकत आहे. लोकप्रतिनिधी आणि सरकारी ठेका यांचे नाते ग्रामपंचायतीपासून संसदेपर्यंत कसे आखले गेले हे पाहायचे, तर विदर्भापुरती सुरुवात याच निकालपत्रापासून करावी लागते.

निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस हे नागपूरचेच. नागपूर विद्यापीठाचे पहिले कुलगुरू सर बिपिन कृष्ण बोस यांचे ते नातू. नागपूरच्या विधी महाविद्यालयाचे प्राचार्यपद आणि नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीशपद भूषवून ते दिल्लीला गेले. तेव्हा नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होते. १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीच्या टेकडीवर लढाई झाली, इंग्रजांचा जम बसला आणि टेकडीच्या पश्चिमेला रेसिडेन्सीच्या आसऱ्याने कचेऱ्यांची वस्ती वाढली. तीच आजची सिव्हिल लाइन्स. भंडारा-गोंदियाच्या माणसाला कोणत्याही सरकारी कागदासाठी सीताबर्डी ओलांडून तिथेच यावे लागे. बोस यांची वकिली आणि न्यायाधीशी याच वस्तीत गेली. निकालपत्र वाचताना जाणवते की साध्या सरकारी कचेरीत व्यवहार प्रत्यक्ष कसे चालतात, याची या न्यायाधीशाला पक्की जाण होती.

भंडारा हा दोन जागांचा मतदारसंघ होता, एक सर्वसाधारण आणि एक अनुसूचित जातींसाठी राखीव. दोन्ही जागा काँग्रेसने जिंकल्या. सर्वसाधारण जागेवर जसानी निवडून आले. निवडणुकीला आव्हान देणाऱ्या अर्जात त्यांच्याविरुद्धचा मुद्दा १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ७ च्या पोटकलम (ड) चा होता. सरकारला माल पुरवण्याच्या, सरकारचे काम करण्याच्या किंवा सरकारला सेवा देण्याच्या कंत्राटात ज्याचा स्वतःचा किंवा त्याच्यासाठी दुसऱ्या कोणाच्या नावावर हिस्सा अथवा हितसंबंध असेल, तो अपात्र, असा त्या तरतुदीचा आशय होता.

कंत्राट होते बिड्यांचे. लष्कराच्या कँटीनमधून जवानांना विकायला लागणाऱ्या बिड्या ही पेढी पुरवत असे. जसानींच्या बाजूने दोन युक्तिवाद झाले आणि दोन्ही वरवर पाहता बिनतोड होते. पहिला असा की हे कंत्राटच नव्हे. राज्यघटनेच्या कलम २९९ प्रमाणे केंद्र सरकारचे कंत्राट राष्ट्रपतींच्या नावाने आणि ठरलेल्या रीतीने व्हायला हवे, इथे तर नुसता पत्रव्यवहार होता. दुसरा असा की एकेक मागणी म्हणजे एकेक सुटा व्यवहार. माल पोचला की तो संपला, मग त्या तारखांना काही चालू होते असे कसे म्हणायचे?

पहिल्या युक्तिवादाला बोस यांनी दिलेले उत्तर कायद्यापेक्षा व्यवहाराला धरून होते. शेकडो सरकारी अधिकारी रोज लहानमोठ्या वस्तू घेतात, कधी पत्राने, कधी तोंडी, कधी घाईगर्दीत. अशा प्रत्येक खरेदीला मोहोरबंद दस्तऐवज हवा म्हटले तर कारभारच ठप्प होईल. अशा करारावरून सरकारवर दावा लावता येत नसेलही, पण सरकारला तो मागाहून मान्य करता येतो. म्हणून तो मुळातच शून्य नव्हे आणि अपात्रता ठरवायला तेवढे पुरते. पुढे १९६१ मध्ये दुसऱ्या एका खटल्यात न्यायालयाने कलम २९९ ची औपचारिकता बरीच कडक केली. मला मात्र बोस यांचे निदान अधिक खरे वाटते. ज्याने मागणीपत्रावर माल पुरवला आणि बिल लावले, त्याचा सरकारच्या तिजोरीशी संबंध जुळला, हे बाजारातल्या कोणालाही कळते.

दुसऱ्या युक्तिवादाचे उत्तर जास्त महत्त्वाचे ठरले. प्रत्येक मागणी आणि तिची पूर्तता हे वेगळे कंत्राट आहे, हे न्यायालयाने मान्य केले. पण माल पोचवल्याने कंत्राट संपत नाही. दोन्ही बाजूंनी आपापले पुरे करायला हवे. दिलेल्या मालाचे पैसे यायचे बाकी असतील तोवर कंत्राट जिवंत, आणि त्यात भागीदाराचा हितसंबंधही जिवंत. म्हणजे जसानींना अपात्र ठरवले ते सरकारने थकवलेल्या बिलाने.

अपात्रतेचे हे कलम आपल्याकडे विलायतेतून आले. सरकारी कंत्राटदाराने कॉमन्स सभेत बसू नये असा कायदा तिथे १७८२ मध्ये झाला. १९१३ मध्ये त्याचा फटका बसला सर स्टुअर्ट सॅम्युअल या खासदाराला, आणि तोही हिंदुस्थानच्या खरेदीमुळे. त्यांच्या भागीदारीतल्या पेढीने इंडिया ऑफिससाठी चांदी विकत घेतली होती. प्रिव्ही कौन्सिलने ते अपात्र असल्याचे मत दिले, जागा रिकामी झाली आणि पोटनिवडणुकीत ते पुन्हा निवडून आले. लंडनची चांदी आणि गोंदियाची बिडी यांत खासदाराला अडकवणारी गोष्ट एकच होती, भागीदारी. व्यवहार त्याने हाताने केलेला असो वा नसो, नफ्यात वाटा असला की पुरे.

भंडाऱ्याच्या निकालपत्रात दुसरा धागाही आहे आणि निवडणुकीवर त्याचा परिणाम अधिक मोठा झाला. राखीव जागेसाठी गंगाराम ठवरे यांचा अर्ज फेटाळला गेला होता. ते महानुभाव पंथात गेले, म्हणून आता महार राहिले नाहीत, असा आक्षेप होता. बोस यांनी तीन गोष्टी तपासल्या: जुन्या जातीने त्यांना कसे वागवले, त्यांचा स्वतःचा हेतू काय होता आणि नव्या पंथाचे नियम काय सांगतात. ठवरे महारच राहिले असा निष्कर्ष निघाला. अर्ज चुकीने नाकारला गेला, म्हणून सगळी निवडणूकच रद्द झाली. १९५४ च्या पोटनिवडणुकीत सर्वसाधारण जागेवर प्रजासमाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले आणि राखीव जागेवर काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पराभव केला. त्या पराभवाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. ती निवडणूक मुळात का घ्यावी लागली हे क्वचितच कोणी सांगतो.

यानंतर संसदेने कायदा बदलला. १९६६ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ९-अ मध्ये ‘हिस्सा अथवा हितसंबंध’ ही व्यापक भाषा नाही. उमेदवाराने स्वतः आपल्या धंद्याच्या ओघात सरकारशी केलेले कंत्राट चालू असेल तरच तो अपात्र. सोबत एक स्पष्टीकरण आहे: कंत्राटदाराने आपले काम पूर्ण केले असेल, तर केवळ सरकारने आपला भाग पुरा केला नाही म्हणून कंत्राट चालू आहे असे मानू नये. भंडाऱ्याच्या निकालावर फिरवलेला हा सरळ बोळा आहे. शिवाय अपात्रता फक्त ‘समुचित सरकार’च्या कंत्राटापुरती, म्हणजे खासदाराला केंद्राच्या आणि आमदाराला राज्याच्या. जिल्हा परिषदेच्या कामाचा ठेका खासदाराकडे असला तर हे कलम त्याला अडवत नाही.

खालच्या पायरीवर मात्र जुनी भाषा कायम राहिली. १९५१ साली नागपूर-भंडाऱ्याकडची खेडी जनपद सभांच्या ताब्यात होती. १९४८ च्या कायद्याने तहसीलवार उभ्या केलेल्या या संस्था १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्यावर मागे पडल्या. महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, १९६१ च्या कलम १६(१)(आय) प्रमाणे परिषदेच्या कामात किंवा कंत्राटात ज्याचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष, स्वतःचा किंवा भागीदाराकरवी, हिस्सा असेल तो सदस्य अपात्र, काही ठरावीक अपवाद सोडून. ग्रामपंचायत कायद्याचे कलम १४(१)(जी) त्याच घराण्यातले.

आता जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागातली एखाद्या रस्त्याची फाइल डोळ्यांपुढे आणा. अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतल्या नोंदी, चालू बिल, अंतिम बिल. त्यानंतरही सुरक्षा ठेव दोषदायित्वाचा काळ संपेपर्यंत परिषदेकडे अडकून राहते. कालपर्यंत ठेकेदारी करणारा माणूस जिल्हा परिषदेच्या गटातून निवडणुकीला उभा राहिला, तर त्याचा रस्ता झालेला असतो, गाड्या धावत असतात, पण बोस यांच्या तर्काने पाहिले तर येणे बाकी असेपर्यंत त्याचा हितसंबंध संपलेला नसतो. खासदाराला मिळालेली स्पष्टीकरणाची सोय त्याला नाही. म्हणून अर्ज भरण्याआधी ठेकेदारीची नोंदणी रद्द करून घेतली जाते, किंवा निविदा भरताना भावाचे, पुतण्याचे नाव पुढे येते.

ही दुसरी वाट बंद करणे अवघड आहे. सी. पी. अँड बेरार नगरपालिका कायद्याखालच्या एका प्रकरणात उमेदवाराचा मुलगा त्याच नगरपालिकेत नोकरीला होता. बापाचा त्या नोकरीच्या करारात अप्रत्यक्ष हितसंबंध आहे, असे प्रतिपक्षाचे म्हणणे. १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले: नुसते रक्ताचे नाते म्हणजे हितसंबंध नव्हे, तो पुराव्याने दाखवावा लागतो. न्यायाच्या दृष्टीने यात वावगे काही नाही, पण पुतण्याच्या खात्यातला पैसा काकाच्या घरी जातो हे तक्रारदाराने दाखवायचे कुठून? जसानी प्रकरणात भागीदारी उघड होती आणि पेढीचा पत्रव्यवहार उपलब्ध होता, म्हणून ते उभे राहिले.

तक्रारीचे दरवाजेही वेगळे आहेत. ग्रामपंचायत सदस्याची अपात्रता जिल्हाधिकारी ठरवतो. जिल्हा परिषद सदस्याचे प्रकरण विभागीय आयुक्तांपुढे जाते आणि भंडारा-गोंदियासाठी ते कार्यालय नागपूरच्या जुन्या सचिवालयात आहे. निवडून आल्यावर अपात्र झालेल्या खासदाराचा प्रश्न थेट राष्ट्रपतींकडे जातो आणि ते निवडणूक आयोगाच्या मतानुसार निर्णय देतात. ग्रामपंचायतीला सिमेंट पुरवून बिलाची वाट पाहणाऱ्या सदस्यासाठी १९५४ चा तर्क अजून हाताशी आहे. ज्या पदासाठी तो पहिल्यांदा वापरला गेला, त्या पदापुरता तो संसदेने केव्हाच काढून घेतला.