रनिंग किती झालंय?

जुनी गाडी घ्यायची म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला. "रनिंग किती झालंय?" पन्नास हजारांच्या आत असेल तर चेहरा खुलतो, लाखाच्या वर गेलं की आपण विकणाऱ्याकडे जरा दयेनं बघायला लागतो. विकणाऱ्याचं उत्तरही ठरलेलं असतं, "डॉक्टरची गाडी आहे साहेब, फक्त घर ते दवाखाना." (पुण्यातल्या डॉक्टरांनी इतक्या गाड्या वापरून विकल्या असतील तर पेशंट कधी तपासले, हा मला पडलेला जुना प्रश्न आहे.)

सध्या हा रनिंगचा आकडा माझ्या डोक्यात ठाण मांडून बसलाय. कामानिमित्त मी स्टुटगार्टला राहतो. म्हणजे पोर्शच्या गावातच. आणि माझ्यासमोर दोन पोर्श 911 आहेत. एक 1979 सालची 'एससी', 84,000 किलोमीटर चाललेली. दुसरी 1986 सालची 'कॅरेरा 3.2', 2,38,000 किलोमीटर चाललेली. दोघींची किंमत जवळजवळ सारखी. किती ते लिहीत नाही, कारण बाबा हे वाचतात :) एवढंच सांगतो की पुण्यातल्या फ्लॅटच्या डाउन पेमेंटसाठी साठवलेल्या पैशांचा मोठा भाग यात जाईल. शिवाय उद्या भारतात परतायचं ठरलं तर गाडी सोबत नेता येणार नाही. वापरलेली गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नको आणि स्टिअरिंग उजवीकडे हवं, हा आपल्याकडचा सर्वसाधारण नियम. म्हणजे चुकीची गाडी गळ्यात पडली तर ती इथेच, पडेल त्या भावात विकायची.

बाबांना फोनवर आकडे सांगितले तर म्हणाले, "दोन लाख अडतीस हजार? अरे, चंद्राच्या अर्ध्याहून जास्त वाटेवर पोचली की ती!" हिशोब बरोबर आहे. तरीही मला वाटतं की नुसता आकडा बघून ठरवणं म्हणजे कोडच्या ओळी मोजून सॉफ्टवेअर चांगलं की वाईट ते ठरवणं. आधी बघायला हवं की ते कुठलं व्हर्जन आहे. म्हणून जरा इतिहासात शिरलो.

911 पहिल्यांदा लोकांसमोर आली 1963 साली, फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात. तेव्हा तिचं नाव 901 होतं. मधे शून्य असलेले तीन आकडी क्रमांक आमचे आहेत, असं म्हणून प्यूजोनं हरकत घेतली आणि 1964 मध्ये ती 911 झाली. मागे बसवलेलं, हवेनं थंड होणारं, सहा सिलिंडरचं आडवं इंजिन. दोन लिटर, 130 अश्वशक्ती.

आता गंमत बघा. हेच इंजिन पुढची पंधरा वर्षं वाढत गेलं. दोनचं 2.2, मग 2.4, आणि 1974 च्या मॉडेलपासून 2.7 लिटर. मधल्या काळात, 1968 पासून, वजन कमी करायला इंजिनची क्रँककेस अॅल्युमिनियमऐवजी मॅग्नेशियमची केली होती. दोन लिटरला ते चाललं. पण 2.7 पर्यंत ताकद आणि उष्णता दोन्ही वाढल्या आणि मॅग्नेशियमला ते झेपेना. सिलिंडर हेड धरून ठेवणारे लांब स्टड क्रँककेसमधून आट्यांसकट उपटून येऊ लागले. त्यात अमेरिकेतले प्रदूषणाचे नियम पाळण्यासाठी तिकडच्या गाड्यांना थर्मल रिअॅक्टर लावले. ते इंजिनखाली शेगडीसारखे तापायचे. म्हणजे त्या काळातली एखादी 2.7 अमेरिकेत अगदी कमी चाललेली असली तरी तिचं इंजिन उघडायची वेळ लवकर यायची. आकडा लहान, दुखणं मोठं.

1978 च्या मॉडेलला पोर्शनं हा बग मुळातून काढला. एससी आली, तीन लिटरची, अॅल्युमिनियमची क्रँककेस घेऊन. इंजिनचा गाभा एकदम दणकट. पण एक जुनी खोड राहिली, टायमिंग चेनचे टेन्शनर. चेन ताणून धरणारा हा छोटासा भाग बंद डबीसारखा होता, आपलं तेल आपल्यातच ठेवणारा. ते गळलं की चेन सैल, चेनने दात सोडला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळणार. छोट्या भागापायी अख्खं इंजिन जायचं.

यानंतर 911 संपणारच होती. कंपनीचे तेव्हाचे प्रमुख अर्न्स्ट फुरमान यांना वाटत होतं की भविष्य पुढे इंजिन असलेल्या 928 चं आहे. 928 आली 1977 मध्ये, 1978 ची 'कार ऑफ द इयर' पण झाली. मग 1981 च्या सुरुवातीला पीटर शुट्झ प्रमुख झाले. बर्लिनमध्ये जन्मलेला, लहानपणी नाझी जर्मनीतून अमेरिकेला गेलेला आणि तिथे इंजिनिअर झालेला हा माणूस. ते स्वतः किस्सा सांगायचे की मुख्य इंजिनिअर हेल्मुट बॉट यांच्या खोलीत भिंतीवर एक तक्ता होता. त्यावर बाकी गाड्यांच्या रेषा पुढे जात होत्या आणि 911 ची रेषा 1981 ला थांबत होती. शुट्झनी मार्कर उचलला आणि ती रेषा तक्त्याच्या बाहेर, थेट भिंतीवर ओढत नेली. सगळ्या कंपन्यांमधल्या प्रोजेक्ट प्लॅनचं असं व्हायला हवं!

त्या रेषेवरची पुढची गाडी म्हणजे 1984 च्या मॉडेलची कॅरेरा 3.2. युरोपात 231 अश्वशक्ती. आणि त्या टेन्शनरला आता इंजिनचंच दाबाखालचं तेल मिळू लागलं. हा पॅच इतका पटला की लोकांनी जुन्या एससींनाही तो बसवून घेतला. बसवला आहे की नाही हे बाहेरूनही कळतं, चेनच्या झाकणाकडे जाणारी तेलाची बारीक नळी दिसते. शिवाय 3.2 मध्ये इंधन आणि ठिणगी सांभाळायला बॉशचं मोट्रॉनिक आलं, म्हणजे खराखुरा संगणक. (इथे मला भरून आलं.)

पत्र्याचीही एक गोष्ट. 1976 च्या मॉडेलपासून 911 ची बॉडी गॅल्व्हनाइज्ड पत्र्याची झाली आणि कंपनी गंज न लागण्याची सहा वर्षांची हमी देऊ लागली. माझ्यासमोरच्या दोन्ही गाड्या त्यानंतरच्या. पण अपघातानंतर जिथे पत्रा घासून जोडलाय तिथे जस्ताचा थर गेलेला असतो, आणि गंज नेमका तिथूनच सुरू होतो.

आता या इतिहासाच्या उजेडात दोन्ही गाड्या बघू.

84,000 वाली एससी दिसायला एकदम झकास. पण सत्तेचाळीसच्या आसपास वर्षांत एवढंच अंतर म्हणजे वर्षाला दोन हजारसुद्धा नाही. गाडी उभी राहिली म्हणजे तिची झीज थांबली असं होत नाही. रबराचे सील सुकतात, पेट्रोल खराब होतं, तेलात ओलावा धरतो. शिवाय हा आकडा तरी खरा आहे का? या काळातल्या 911 मधल्या ओडोमीटरचे प्लास्टिकचे दाते तुटतात, हे प्रसिद्ध दुखणं आहे. आकडा थांबतो, गाडी धावत राहते! कुणी फसवायलाच हवं असं नाही. जर्मनीत दर दोन वर्षांनी तांत्रिक तपासणी होते आणि त्या रिपोर्टवर किलोमीटर लिहिलेले असतात. एससीच्या मालकाकडे शेवटचे दोनच रिपोर्ट निघाले. आणि मी वाकून बघितलं, ती तेलाची नळी नव्हती.

238,000 वाली बाई मात्र दिसायला थकलेली. सीटचं चामडं फाटलंय, समोरच्या रंगावर दगडांच्या खुणा. पण तिच्याबरोबर तीन जाडजूड फाईली आल्या. तपासणीचे रिपोर्ट ओळीनं, आकडे चढत्या क्रमानं. 1,71,000 ला इंजिनचा वरचा भाग उघडून व्हॉल्व्ह गाइड बदलल्याचं बिल. 3.2 चं नेहमीचं दुखणं हेच, गाइड झिजतात आणि गाडी तेल प्यायला लागते. म्हणजे जे व्हायचं ते होऊन गेलंय, आणि त्याची पावती आहे. मालकीणबाई निवृत्त शिक्षिका. त्यांनी प्रत्येक बिलाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहून ठेवलंय, काय बिघडलं होतं आणि कसा आवाज येत होता. असा चेंज लॉग माझ्या टीममध्ये कुणी लिहीत नाही.

गाडी खूप चालली म्हणून ती संपतेच असं नाही, याचं टोकाचं उदाहरण म्हणजे अमेरिकेतले अर्व्ह गॉर्डन. 1966 साली घेतलेली व्होल्वो पी1800 त्यांनी 2013 मध्ये तीस लाख मैलांपर्यंत नेली. त्यांच्याकडे जादू नव्हती. वेळच्या वेळी तेल बदलायचं, बारीक दुखणं अंगावर काढायचं नाही, एवढंच.

म्हणून गेल्या आठवड्यात मी कॅरेरा एका जुन्या मेकॅनिककडे तपासायला नेली. लीकडाउन टेस्ट केली, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये दाबानं हवा भरून किती गळते ते बघायचं. पाच सिलिंडर उत्तम, एक जरा अशक्त, पण चालण्यासारखा. दुसरा गिअर टाकताना करकर होते. 1986 पर्यंतच्या गाड्यांमध्ये जुना 915 गिअरबॉक्स असायचा, 1987 च्या मॉडेलपासून नवा जी50 आला. या जुन्याच्या सिंक्रो रिंगा झिजतात, आज ना उद्या तो उघडावा लागणार. मेकॅनिकनं खर्चाचा अंदाज कागदावर लिहून दिला, आणि वर सांगितलं की किंमतीच्या पाव हिस्सा तरी बाजूला काढून ठेव, नसेल तर हिचा नाद सोड.

मी तो कागद बाईंसमोर ठेवला. त्यांनी गिअरबॉक्सचा निम्मा खर्च किंमतीतून कमी केला. पाव हिस्सा बाजूला काढल्यावर माझ्याकडे डाउन पेमेंटचे पैसे उरत नाहीत, फ्लॅट किमान दोन वर्षं पुढे जातोय. हे बाबांना रविवारी फोनवर सांगायचं होतं, आता ते इथेच वाचतील.

बाबा, एससी नाही घेतली. दोन लाख अडतीस हजारवाली घेतोय. तिन्ही फाईली स्कॅन करून पाठवतो, तुम्ही बिलं तपासा.