लाखेपासून प्लास्टिकच्या पिशवीपर्यंत

सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यांत श्रीपूर म्हणून एक गांव आहे. कै. चंद्रशेखर आगाशे यांनीं १९३४ सालीं बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट ही संस्था स्थापन केली, आणि तिचा साखर-कारखाना याच गांवीं उभा राहिला. अशा गांवीं थंडीचे दिवस म्हणजे गळिताचे दिवस. पहांटे घरोघर पाण्याचे बंब पेटतात. पूर्वीं बंब पेटविण्यास तुराट्या, पाचट किंवा नारळाची शेंडी घेत. आतां पुष्कळ ठिकाणीं हाताशीं सांपडलेली प्लास्टिकची पिशवी काडीला लावून सरपणांत सारतात. पिशवी ताबडतोब पेट घेते, तिचे जळते थेंब लांकडावर गळतात आणि जाळ धरतो. सोय खरी, पण त्या क्षणीं बंबांत काय घडतें, हें समजून घ्यावयाचें तर प्लास्टिकचा इतिहास थोडा मागें जाऊन पाहिला पाहिजे. तो बराचसा उष्णतेचाच इतिहास आहे.

उष्णतेनें मऊ व्हावें, वळवाल तसें वळावें आणि निवतांच पुन्हा कठीण व्हावें, हा गुण असलेला पदार्थ आपल्या देशाला नवा नाहीं. तो पदार्थ म्हणजे लाख. पळस, कुसुंब अशा झाडांवर राहणारा एक बारीक किडा ती तयार करतो. लाखेच्या बांगड्या आपल्या बाजारांत पिढ्यान्‌पिढ्या विकल्या जात आहेत. सोनार पोकळ दागिन्यांत लाख भरतो. लाख जशी मऊ होते तशीच ती जळतेही, हें महाभारतकारांना ठाऊक होतें. म्हणून तर दुर्योधनानें पांडवांसाठीं लाक्षागृह बांधविलें. पुढें ग्रामोफोनच्या तबकड्याही लाखेच्याच होऊं लागल्या. ती तबकडी दुपारच्या उन्हांत विसरली कीं पापडासारखी वांकडी होई, हें ज्यांच्या घरीं जुना ग्रामोफोन होता त्यांस सांगावयास नको.

मनुष्यानें केलेलें पहिलें प्लास्टिक मात्र कापसापासून निघालें. अलेक्झांडर पार्क्स या इंग्रज गृहस्थानें १८६२ च्या लंडनच्या प्रदर्शनांत आपला पदार्थ मांडला. त्यानंतर थोड्याच वर्षांनीं अमेरिकेंत जॉन हायट यानें नायट्रोसेल्युलोजमध्यें कापूर मिसळून सेल्युलॉइड बनविलें. हस्तिदंताला पर्याय शोधतां शोधतां हा पदार्थ हातीं आला. त्याच्या फण्या झाल्या, बाहुल्या झाल्या आणि अखेर चित्रपटाची फीतही झाली. परंतु नायट्रोसेल्युलोज हें बंदुकीच्या दारूचें सख्खें भावंड. एकदां पेटलें कीं त्याला बाहेरच्या प्राणवायूची गरज नसते, पाण्याखालींही तें जळत राहतें. याची किंमत महाराष्ट्रानें मोजली आहे. प्रभात फिल्म कंपनीचा स्टुडिओ ज्या आवारांत होता, त्याच पुण्याच्या आवारांत जानेवारी २००३ मध्यें आग लागून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फितींचा मोठा सांठा भस्म झाला.

लाखेला पर्याय शोधणारा दुसरा संशोधक म्हणजे लिओ बेकलंड. १९०७ सालीं त्यानें फिनॉल व फॉर्माल्डिहाइड यांपासून बेकलाइट तयार केलें. याची रीत अगदीं निराळी. सेल्युलॉइड तापविलें कीं मऊ होतें, तें मेणाच्या जातीचें. बेकलाइट हें मडक्याच्या जातीचें: भट्टींत एकदां भाजून निघालें कीं मडक्याची पुन्हा माती होत नाहीं, तसें बेकलाइट पुन्हा वितळत नाहीं, फार तापविल्यास करपतें. म्हणून विजेचीं बटणें, कढईच्या मुठी आणि जुन्या रेडिओच्या पेट्या त्याच्या होत. आजही प्लास्टिकाचे हे दोन वंश ओळखतां आले, तर निम्मी रसायनविद्या आली.

आपली पिशवी मेणाच्या वंशांतील. २७ मार्च १९३३ रोजीं इंग्लंडमध्यें फॉसेट व गिब्सन हे दोघे इथिलीन वायूवर प्रचंड दाबाखालीं व १७० सेंटिग्रेड उष्णतेंत प्रयोग करीत होते. भांड्यांत मेणासारखा पांढरा पदार्थ उरला, तेंच पॉलिथीन. दुसऱ्या महायुद्धांत रडारच्या तारांवरील वेष्टन म्हणून तें उपयोगीं पडलें, आणि बाजारांत पिशवी होऊन तें मागाहून आलें. भारतांत १९५९ सालीं बंगालमधील रिश्रा येथें पॉलिथीन निघूं लागलें, तें खनिज तेलापासून नव्हे, तर मद्यार्कापासून. उंसाच्या मळीपासून मद्यार्क, मद्यार्काची वाफ तापलेल्या अॅल्युमिनावरून नेली कीं त्यांतील पाणी सुटून इथिलीन, आणि इथिलीनचें पॉलिथीन. म्हणजे आपल्या देशांतील पिशवीचें मूळ एके काळीं साखर-कारखान्याच्या मळींत होतें! श्रीपूरच्या गृहिणीला हें नातें ऐकून नवल वाटेल.

आतां स्वयंपाकघरांत येऊं. पातळ पिशवीचें पॉलिथीन सुमारें ११० अंशांवर वितळतें, जाड जातीचें १३० च्या आसपास, डब्यांचें पॉलिप्रोपिलीन १६० च्या पुढें. पाण्याची बाटली ज्या पेटची असते, तें प्लास्टिक ७०-८० अंशांतच आकार सोडूं लागतें. म्हणून उकळतें पाणी ओततांच बाटली आक्रसते. कढईंतील तेल १८० अंशांच्या घरांत असतें. तेव्हां कढईंतून काढलेलीं भजीं तशींच पिशवींत टाकलीं, तर पिशवीला भोंक पडावें यांत आश्चर्य तें काय? भोंक न पडलें तरी निर्धास्त राहूं नये. प्लास्टिकांत मिसळलेलीं इतर द्रव्यें उष्णतेनें व तेलानें अधिक सुटतात आणि अन्नांत उतरतात.

राहिला बंब. शुद्ध पॉलिथीन जळतांना मेणबत्तीसारखा वास येतो, म्हणून तें निरुपद्रवी वाटतें. परंतु कोंडलेल्या, अपुऱ्या हवेंत त्याचें ज्वलन अर्धवट होतें, आणि काजळी व कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. पिशवीच्या सोबत पी. व्ही. सी. चा तुकडा, म्हणजे तारेचें वेष्टन किंवा फाटकें रेक्झिन, गेलें तर हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ होते, व धुमसत्या जाळांत डायॉक्सिन नांवाचीं अतिशय घातक द्रव्यें बनतात. हा धूर प्रथम कोणाच्या छातींत जातो? बंबापाशीं बसलेल्या माउलीच्या आणि शेक घेणाऱ्या पोराच्या.

कायद्यानें आपलें काम थोडेंफार केलें आहे. २६ जुलै २००५ च्या मुंबईच्या महापुरांत तुंबलेल्या गटारांनीं पिशव्यांचा उपद्रव सर्वांस दाखविला, आणि मार्च २०१८ मध्यें महाराष्ट्र शासनानें प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली. तरी पिशवी घरांत येतेच. मदुरैचे प्राध्यापक वासुदेवन यांनीं दाखवून दिलें आहे कीं, हेंच प्लास्टिक बारीक करून सुमारें १६० अंश तापलेल्या खडीवर टाकलें तर तें न जळतां वितळतें, खडीला लेपासारखें बसतें आणि डांबरी रस्ता अधिक टिकतो. उष्णता तीच, मोजून दिली तर रस्ता, बेबंद दिली तर विष.

लाक्षागृहांतून पांडव सुटले, ते विदुरानें घराच्या भिंती कशाच्या आहेत हें आधीं सांगितलें म्हणून. आपल्या घरांतील लाख कोणती, हें आपणांसही आतां कळलें आहे. उद्यां पहांटे बंबाला तुराटीच लावावी, आणि पिशवी भंगारवाल्यासाठीं बाजूला ठेवावी, एवढीच विनंती.